कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (जन्म : नाशिक, १५ नोव्हेंबर १८६६, मृत्यू : लंडन, ६ जुलै १९५४) या भारतातील आरंभीच्या महिला वकिलांपैकी एक, लेखिका व समाजकार्यकर्त्या होत्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर आणि ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या महिला होत.

नाव व कुटुंब

कॉर्नेलियांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी लांगराणा हे पारशी कुटुंबात जन्मून पुढे ख्रिस्ती झालेले मिशनरी होते. आई फ्रान्सिना या मूळच्या हिंदू कुटुंबातील; सर फ्रान्सिस फोर्ड व लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दांपत्याने त्यांना दत्तक घेतले होते. या मानलेल्या आजीवरून मुलीचे नाव कॉर्नेलिया ठेवण्यात आले. आडनाव म्हणून रूढ झालेले 'सोराबजी' हे वस्तुतः वडिलांचे व्यक्तिनाम होय.

कॉर्नेलिया हे नाव प्राचीन रोममधील कॉर्नेलियस या कुळनामाचे स्त्रीलिंगी रूप असून ते इटलीत आजही आढळते. या नावाची सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणजे सेनापती स्किपिओ आफ्रिकानस याची कन्या आणि ग्राक्खस बंधूंची माता. आपली मुले हेच आपले अलंकार, असे मानणारी आदर्श माता म्हणून रोमन परंपरेने तिचा गौरव केला. सोराबजी मात्र आजन्म अविवाहित राहिल्या.

महाराष्ट्रात हे नाव तेव्हा विरळाच होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक ही मंडळी आपल्या मूळ नावांनीच ओळखली गेली. कॉर्नेलियांना मात्र परके नाव जन्मापासूनच मिळाले. नाव रोमन, आडनाव पारशी, धर्म ख्रिस्ती आणि वेश साडीचा, अशा या स्त्रीला कोणत्याही एका समाजाने पूर्णपणे आपली मानले नाही. त्यांच्या पुढील आयुष्यातील अनेक ताण समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

शिक्षण

बालपण बेळगाव व नंतर पुणे येथे गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. पदवी परीक्षेत त्यांनी आपल्या वर्गात सर्वोच्च गुण मिळवले. या यशामुळे इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. परंतु उमेदवार स्त्री असल्याने ती नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवले. दरम्यान मेरी हॉबहाउस यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये निधी उभा राहिला. देणगीदारांत सर विल्यम वेडरबर्न यांच्यासह फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही होत्या. (त्यांचे नावही इटलीतूनच आलेले, फ्लॉरेन्स शहरात जन्म झाला म्हणून ते ठेवले गेले.)

१८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. विशेष परवानगी मिळवून १८९२ साली त्यांनी बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही परीक्षा दिली. विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसल्याने प्रत्यक्ष पदवी हाती येण्यास १९२२ साल उजाडले.

कार्य

१८९४ साली भारतात परतल्यावर त्यांनी पडदानशीन स्त्रियांचे प्रश्न हाती घेतले. या स्त्रियांच्या नावे मोठ्या मालमत्ता असत, पण परपुरुषासमोर येण्याची मुभा नसल्याने त्यांना वकिलाचा सल्लाही घेता येत नसे. परिणामी सारा व्यवहार कारभाऱ्यांच्या व नातलगांच्या हाती जाई. सोराबजी जनानखान्यात जाऊन या स्त्रियांशी बोलू शकत. न्यायालयात मात्र त्यांची बाजू मांडू शकत नसत. मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. (१८९७) आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा (१८९९) उत्तीर्ण होऊनही हा अडसर दूर झाला नाही.

१९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम येथील ६०० हून अधिक स्त्रिया व अनाथ बालकांना त्यांनी साहाय्य केल्याचे सांगितले जाते. काही वेळा तर कोणतेही शुल्क न घेता. १९०९ साली त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची दारे उघडली, तेव्हा त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी कलकत्त्यात वकिली केली. तेथेही त्यांच्याकडे मुख्यतः लेखी कायदेशीर मते तयार करण्याचेच काम आले. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या.

राजकीय भूमिका

सोराबजी ब्रिटिश राज्याच्या समर्थक होत्या. त्यांनी गांधीजींच्या सविनय कायदेभंगाला विरोध केला आणि कॅथरिन मेयो यांच्या 'मदर इंडिया' (१९२७) या वादग्रस्त पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळे त्यांच्या सामाजिक कार्याला मिळणारा पाठिंबा आटला. पुढे दीर्घकाळ त्यांची उपेक्षा झाली, त्यामागेही हे एक कारण दिसते.

लेखन

'लव्ह अँड लाइफ बिहाइंड द परदा' (१९०१), आईवडिलांवरील 'देअरफोर' (१९२४), 'इंडिया कॉलिंग' (१९३४) हे आत्मचरित्र आणि 'इंडिया रिकॉल्ड' (१९३६) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत.

निवृत्तीनंतर त्या लंडनमध्ये स्थायिक झाल्या. तेथील लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.