शेजारच्या पेशीची हाक

गर्भाशय म्हटलं की आपल्याला बाळ आठवतं, नाहीतर दुखणं. पण बाळंतपणात कळा देणारे त्याचे जाड स्नायू मुळात तयार कसे होतात? हा प्रश्न घेऊन मी पुस्तकं चाळायला बसले आणि मला हिल्डे मॅन्गोल्ड भेटली.

हिल्डे १८९८ साली जर्मनीतल्या गोथा इथं जन्मली. शिकत असताना हान्स श्पेमान या प्राध्यापकांचं व्याख्यान तिनं ऐकलं आणि त्यांच्याकडेच शिकायला फ्रायबुर्ग गाठलं. काम मोठं किचकट. न्यूट हा पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी. त्याचा गर्भ जेमतेम मोहरीएवढा. काचेच्या बारीक सुईनं एका फिक्या गर्भाचा ठरावीक तुकडा काढून तो दुसऱ्या, गडद रंगाच्या गर्भावर भलत्याच जागी बसवायचा. बहुतेक गर्भ मरून जायचे. जे थोडे जगले, त्यांच्या अंगावर चक्क दुसरा गर्भ वाढू लागला! त्यात बहुतेक पेशी होत्या गडद, म्हणजे यजमानाच्याच. फिक्या तुकड्यानं शेजाऱ्यांना जणू कामाला लावलं होतं.

आपल्या गर्भाशयातही असंच चालतं बरं का! आधी असते एक साधी नळी. आत अस्तर, बाहेर मऊ थर. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की अस्तर काढून टाकलं तर बाहेरच्या थरात स्नायू नीट धरत नाहीत. उलट, अस्तर गर्भाशयाचं व्हायचं की योनिमार्गाचं, हे बाहेरचा थर ठरवतो. दोघांनाही एकमेकांची गरज.

हिल्डेचा प्रबंध १९२४ मध्ये छापून आला, त्यावर पहिलं नाव मात्र सरांचं. तिला ते खुपलं होतं, असं तिच्या सहाध्यायानं पुढे नोंदवून ठेवलंय. तोवर लग्न झालेलं, कडेवर तान्हा मुलगा. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंपाकघरातल्या शेगडीचा भडका उडाला आणि ती गेली. वय अवघं पंचवीस.

१९३५ साली याच शोधासाठी श्पेमान यांना नोबेल मिळालं. त्या जादुई तुकड्याला आज मात्र श्पेमान-मॅन्गोल्ड यांचा संघटक म्हणतात. मैत्रिणींनो, लेकीला हा धडा शिकवाल तेव्हा दुसरं नाव कोणाचं, तेही तिला जरूर सांगा.