व्रतस्थ माता पुतळीबाई

महात्मा गांधींचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी शालेय वयातच वाचलेले असते. त्या चरित्राच्या आरंभीच्या काही पानांत त्यांच्या मातोश्री येतात, विलायतेला निघालेल्या मुलाला तीन नियम घ्यावयास लावतात आणि नंतर कथेतून निघून जातात. त्या नियमांचे साक्षी आणि दाते एक जैन साधू होते, हे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते. त्यावरून पुतळीबाई जैन होत्या, असा समजही अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. त्या जैन नव्हत्या, आणि तरीही मुलाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंगी सल्ल्यासाठी त्या एका जैन साधूकडे गेल्या. या घटनेचे खरे मोल त्यातच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुतळीबाईंचे माहेर जुनागढ संस्थानातील दात्राणा गावचे. माहेरचे कुटुंब प्रणामी संप्रदायाचे अनुयायी होते. या पंथाच्या मंदिरांत मूर्तीऐवजी ग्रंथाची पूजा होते. पंथाचे थोर आचार्य प्राणनाथ यांनी हिंदू धर्मग्रंथांबरोबर कुराणातील तत्त्वांचाही आदराने विचार केला होता. मांस आणि मद्य या दोन्हींचा तेथे कडक निषेध होता. सासर पोरबंदरचे, वैष्णव मोढ वाण्यांचे. पती करमचंद उत्तमचंद गांधी, ज्यांना सारे काबा गांधी म्हणत, हे पोरबंदर संस्थानचे दिवाण. करमचंदांचा हा चौथा विवाह. आधीच्या विवाहांतून दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. पुतळीबाई वयाने पतीहून बऱ्याच लहान होत्या. त्यांना एक कन्या व तीन पुत्र झाले. कन्या रळियात, तर पुत्र लक्ष्मीदास, करसनदास आणि 2 ऑक्टोबर 1869 रोजी जन्मलेले मोहनदास.

मोहनदास सुमारे सात वर्षांचे असताना करमचंद राजकोटला आले आणि कुटुंबाचे बिऱ्हाड तेथे हलले. दिवाणाच्या घरी माणसांची वर्दळ मोठी. तीत जैन साधूही असत. ते नेहमी येत, करमचंदांशी धर्माच्या व व्यवहाराच्या गोष्टी बोलत आणि जैन नसलेल्या या घरची गोचरीही स्वीकारीत. मुसलमान व पारशी स्नेहीही आपापल्या धर्माविषयी बोलत आणि करमचंद ते आदराने ऐकून घेत. या चर्चा दिवाणखान्यात चालत. घराच्या आतल्या भागात धर्म वेगळ्या रूपाने नांदत होता, तो पुतळीबाईंच्या आचरणात.

प्रार्थनेवाचून त्या अन्नाला स्पर्श करीत नसत. हवेलीचे दर्शन हा नित्यक्रम होता. चातुर्मासात एकभुक्त राहणे त्यांना इतके अंगवळणी पडले होते की त्याने त्यांचे समाधान होत नसे. एका चातुर्मासात त्यांनी एक दिवसाआड उपवास केला. दोन-तीन उपवास लागोपाठ करणे त्यांना जड जात नसे. चांद्रायण व्रत चालू असताना आजारी पडल्या, तरी व्रत सोडले नाही. आपल्या घरांतून एकाशन, उपवास, अठ्ठाई करणाऱ्या माता-भगिनी आपण पाहतो. त्यांना या वर्णनात परके काही वाटणार नाही.

एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्यावाचून जेवायचे नाही, असा त्यांचा नियम होता. ऐन पावसाळ्यात सूर्य दिवसदिवस दिसत नाही. आई उपाशी आहे म्हणून मुले अंगणात आकाशाकडे डोळे लावून उभी राहत. ढग क्षणभर फाटले की ओरडत आत धावत जात. पुतळीबाई लगबगीने बाहेर येत, पण तोवर सूर्य पुन्हा झाकलेला असे. मुलांनी पाहिला एवढ्यावर भागवून घेणे सोपे होते, कोणी नावेही ठेवली नसती. परंतु स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असे ठरले होते, आणि ज्या अर्थाने ठरले त्याच अर्थाने ते पाळायचे होते. आज देवाची इच्छा नाही, असे हसत म्हणून त्या कामाला लागत. चेहऱ्यावर त्रागा नसे. बालमनावर खोल ठसा उमटला तो बहुधा या हसतमुखपणाचा.

त्या केवळ व्रतवैकल्यांत बुडालेल्या नव्हत्या. संस्थानच्या कारभाराची त्यांना चांगली जाण होती. राजकोटच्या ठाकोरसाहेबांच्या विधवा मातोश्रींकडे त्यांचे जाणे-येणे असे, आणि दरबारच्या स्त्रिया त्यांच्या समजूतदारपणाला मान देत. आईबरोबर तेथे गेलेल्या लहान मोहनने या गोष्टी ऐकल्या होत्या.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. घरी सफाईला येणाऱ्या उका नावाच्या माणसाला मुलांनी शिवू नये, शिवल्यास स्नान करावे, असा त्यांचा दंडक होता. शाळकरी मोहनने त्यावर आईशी वाद घातला. ती इथे चुकते आहे असे त्याला तेव्हाच वाटले होते आणि पुढे त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. आईविषयी एवढी भक्ती असलेल्या पुत्राने तिची चूक झाकली नाही. मग आपणही ती झाकण्याचे कारण नाही.

करमचंद दीर्घ आजारानंतर 1885 साली निवर्तले. आजारात पुतळीबाई, एक जुना नोकर व मोहनदास यांनी मुख्यतः शुश्रूषा केली होती. वैधव्यानंतर घराचा भार थोरले लक्ष्मीदास यांच्यावर आला. मोहनदास मॅट्रिक झाले, भावनगरच्या कॉलेजात त्यांचे मन रमेना. तेव्हा कुटुंबाचे जुने सल्लागार मावजी दवे यांनी त्यांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस पाठविण्याचे सुचविले. वडीलधारे म्हणून पोरबंदरच्या काकांना विचारले. त्यांनी स्वतः होकार दिला नाही, मात्र आईने परवानगी दिल्यास आपण आड येणार नाही, असे सांगितले. म्हणजे निर्णय पुतळीबाईंवर येऊन ठेपला.

त्यांची स्थिती आज कल्पनेने जाणावी लागेल. पती नाही, धाकटा मुलगा अठरा वर्षांचा, त्याची पत्नी कस्तुरबा आणि काही महिन्यांचे तान्हे मूल घरात. विलायतेत गेलेली मुले बिघडतात, मांस खातात, दारूवाचून तेथे चालत नाही, असे त्यांनी चौकशी करून ऐकले होते. मुलाने आपण फसविणार नाही अशी ग्वाही दिली. मुलावर त्यांचा विश्वास होता, पण परदेशात त्याचे काय होईल याची खात्री त्यांना वाटेना. त्यांना ठाऊक नव्हते ते असे, की याच मुलाने काही वर्षांपूर्वी राजकोटमध्येच मित्राच्या नादाने चोरून मांस खाल्ले होते आणि आईशी खोटे बोलावे लागते हे सहन न होऊन ते सोडले होते.

बेचरजी स्वामींना विचारून सांगते, असे त्या म्हणाल्या. बेचरजी स्वामी मूळचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले आणि गांधी कुटुंबाचे हितचिंतक. त्यांनी सुचविले की मुलाकडून तीन गोष्टींचा त्याग विधिपूर्वक करवून घ्यावा व मग त्याला जाऊ द्यावे. मांस, मद्य आणि स्त्रीसंग यांच्या त्यागाचा नियम मोहनदासांनी त्यांच्यासमोर घेतला आणि आईने परवानगी दिली. पुढे मुंबईत ज्ञातीच्या पंचांनी मोहनदासांना बहिष्कृत केले, निरोप द्यायला जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरविला. तरी ते 4 सप्टेंबर 1888 रोजी बोटीत बसले. आईने संमती दिली होती. पंचांची त्यांना पर्वा वाटली नाही.

लंडनमध्ये या नियमाची कसोटी लागली. अळणी भाज्या आणि पाव यांवर पोट भरेना. एका हितचिंतक मित्राला त्यांची दया आली. निरक्षर आईसमोर, इथली परिस्थिती न जाणता घेतलेल्या शपथेला कायद्याच्या दृष्टीने किंमत काय, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यासाठी त्याने बेंथमचा ग्रंथही वाचून दाखविला. कायदा शिकायला आलेल्या मुलापुढे हा कायद्याचाच मुद्दा होता. मोहनदासांना उत्तर देता आले नाही. वाद घालता येत नाही, पण शपथ मोडणार नाही, एवढेच त्यांनी सांगितले.

दुसरी परीक्षा अधिक सूक्ष्म होती. मांसाच्या विलायतेत तीन व्याख्या होत्या. पहिलीप्रमाणे पशुपक्ष्यांचे मांस तेवढे वर्ज्य, मासे व अंडी चालत. दुसरीप्रमाणे मासेही वर्ज्य, अंडी चालत. तिसरीप्रमाणे प्राणिजन्य म्हणून अंडी व दूध दोन्ही वर्ज्य. अंडे म्हणजे मांस नव्हे, असे पटवून कोणी त्यांना ते खायलाही लावले. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले, की शपथ आईने दिली आहे, तेव्हा तिच्या मनात मांसाचा जो अर्थ होता तोच आपल्याला बांधील. तिच्या अर्थात अंडे मांसातच येत होते. त्यांनी अंडी सोडली, आणि त्याबरोबर अंडी घातलेले केक, पुडिंग असे पुष्कळ पदार्थही. शाकाहारी खाणावळीतसुद्धा प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारावे लागे. पावसाळ्यातला सूर्य स्वतः पाहिल्यावाचून न जेवणाऱ्या आईचाच हा मुलगा. 1890 मध्ये पोर्ट्समथ येथे मोहाचा प्रसंग आला, तेव्हाही आईला दिलेला शब्द आठवून ते तेथून निघून गेले.

स्वतः घेतलेल्या नियमाच्या बाबतीत मात्र पुढे त्यांना एवढे कठोर राहता आले नाही. 1912 साली त्यांनी दूध सोडले होते. 1918 च्या मोठ्या आजारानंतर कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी बकरीचे दूध घेतले, कारण नियम घेताना मनात गाय-म्हैस होती. शब्द पाळला गेला, भाव मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदविली आहे. 1932 साली यरवड्याच्या तुरुंगात महादेवभाईंशी बोलताना आपल्यात जे काही पावित्र्य आहे ते आईकडून आले, असे त्यांनी सांगितले.

जून 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन मोहनदास परत निघाले. आईला भेटण्याची त्यांना ओढ लागली होती. मुंबईच्या धक्क्यावर थोरले बंधू लक्ष्मीदास घ्यायला आले होते. परदेशात धक्का बसू नये म्हणून त्यांनी आईच्या निधनाची वार्ता कळविली नव्हती. ती त्यांनी आता सांगितली. वडिलांच्या मृत्यूपेक्षा हा आघात मोठा होता, पण मोहनदासांनी तो बाहेर दिसू दिला नाही. मुंबईतील त्याच मुक्कामात डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी, ओळख झाली. हे जवाहिऱ्याच्या पेढीतील तरुण जैन ज्ञानी त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे होते. मग बंधूंनी ज्ञातीच्या समाधानासाठी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि दोघे राजकोटला गेले. घरी कस्तुरबा होत्या, तीन वर्षांचा हरिलाल होता. तिन्ही नियम पाळले हे जिला सांगायचे होते, ती मात्र आता नव्हती.