नामदार गोखले : सचोटीने केलेली सेवा

कोकणची भूमी धान्याने दरिद्री परंतु नररत्नांनी संपन्न, असे म्हणण्याचा प्रघात आहे. गुहागर तालुक्यातील कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे त्या संपन्नतेचे ठळक उदाहरण होय. राजकारणी गोखल्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत अंकाचे वाचक बहुतांशी नोकरदार, किंवा नोकरीसाठी गाव सोडू पाहणारे तरुण असल्यामुळे, हाती घेतलेल्या कामाशी गोखले कसे वागले, एवढ्याच अंगाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

गोखल्यांचे वडील कृष्णराव हे कागल संस्थानात साध्या नोकरीवर होते. १८७९ साली ते निवर्तले तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. वडीलबंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. या आठ रुपयांची किंमत गोपाळरावांनी ओळखली होती. १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, त्या वेळी त्यांस एकोणिसावे वर्ष चालू होते.

त्यांच्या शाळेतील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. घरून सोडवून आणावयास दिलेली गणिते एकट्या गोपाळाचीच बरोबर आली, म्हणून गुरुजींनी त्यास पहिल्या क्रमांकावर बसावयास सांगितले. तेव्हा मुलगा रडू लागला. कारण एका गणितात त्याने दुसऱ्याचे साहाय्य घेतले होते. मिळालेला मान आपल्या हक्काचा नाही, हे त्याने आपण होऊन सांगितले. पुढील सर्व चरित्राचे बीज या प्रसंगात दिसते.

पदवी मिळाल्यावर कायद्याचा अभ्यास करून वकिली करण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता आणि वकिलीत त्या काळी पैसाही होता. परंतु १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढल्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन त्यांनी आपण होऊन स्वीकारले. हे वेतन पुढे पाऊणशे रुपयांवर स्थिरावले. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय शिकविणारा नसेल तो गोखल्यांनी शिकवावा, अशी स्थिती होती. सहकारी थट्टेने त्यांस मागणीबरहुकूम प्राध्यापक म्हणत. कॉलेजच्या इमारतीकरिता सुटीच्या दिवसांत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करण्याचे कंटाळवाणे कामही त्यांनी केले. आम्हीही शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविले आहे. आपल्या वाट्याचा नसलेला वर्ग कपाळास आठी न घालता घेणारा मनुष्य किती विरळा असतो, हे आम्ही जाणतो.

आरंभीच्या दिवसांत शाळेच्या एका समारंभाच्या वेळी दारावर राहून निमंत्रणपत्रिका तपासण्याचे काम या तरुण शिक्षकाकडे होते. न्यायमूर्ती रानडे पत्रिकेवाचून आले. गोखल्यांनी नम्रपणे परंतु निश्चयाने त्यांस अडविले. रानड्यांस राग आला नाही. पुढे हेच रानडे त्यांचे गुरू झाले. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक व अर्ज-निवेदने यांच्या निमित्ताने सरकारी अहवाल वाचणे, आकडे ताडून पाहणे, मजकूर पुनः पुनः लिहिणे असे कठोर शिक्षण त्यांनी रानड्यांच्या हाताखाली घेतले. १९०१ साली रानडे वारले, तोपर्यंत सुमारे चौदा वर्षे ही शागिर्दी चालली.

संस्थेत मतभेदही झाले. आजीव सदस्याने बाहेरची कामे अंगावर घ्यावी की नाही, या वादात लोकमान्य टिळक व गोखले परस्परविरुद्ध बाजूंस होते. टिळकांनी १८९० साली संस्थेचा राजीनामा दिला. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र. त्यांचे मार्ग भिन्न झाले आणि पुढे विरोधही तीव्र झाला. तथापि टिळकांच्या त्यागाविषयी गोखल्यांस आदर होता, आणि गोखल्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी टिळकांनीही त्यांचा गौरवच केला.

चारित्र्याची खरी कसोटी १८९७ साली लागली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले होते. अर्थकारणावरील त्यांची साक्ष उत्तम झाली. इतक्यात पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे मित्रांनी पत्रांतून कळविले व गोखल्यांनी ते तेथील वृत्तपत्रांस सांगितले. दरम्यान २२ जून रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली आणि पुण्यात दहशत पसरली. गोखले परतले तेव्हा पुरावा घेऊन पुढे येण्यास कोणी धजेना. मित्रांची नावे सांगून स्वतः मोकळे होणे शक्य होते. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेतलेच पाहिजे, या न्यायाने त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली. सरकारपक्षाने हिणविले, स्वकीयांनी भित्रा म्हटले. त्यांनी ते मुकाट्याने सोसले व प्लेगग्रस्तांच्या सेवेस लागले. त्या क्षमेविषयी आजही दोन मते आहेत. परंतु दुसऱ्यास पुढे करून स्वतःचा बचाव करणे त्यांनी नाकारले, याविषयी दुमत होऊ नये.

बुडाली असे वाटलेली ही कारकीर्द दोन वर्षांत पुन्हा उभी राहिली. १८९९ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले. १९०२ साली कॉलेजातून निवृत्त होऊन ते वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले. अंदाजपत्रकावरील त्यांच्या पहिल्याच भाषणाने राज्यकर्ते चकित झाले. कारण सरकारच्याच आकड्यांवरून, रयत दरिद्री असता तिजोरीत शिल्लक पडणे म्हणजे कर अधिक घेतल्याची खूण होय, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९०३ पासून मिठावरील कर टप्प्याटप्प्याने कमी झाला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे त्यांचे १९११ सालचे विधेयक मात्र पुढल्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. स्वतःकरिता पैसा मिळविणार नाही, कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, जाती-धर्माचा भेद न मानता सर्व देशवासीयांस बंधू मानीन, अशा प्रतिज्ञा सभासदास घ्याव्या लागत. १९१४ साली देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. शरीर मधुमेहाने पोखरले असताही कामे चालूच होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले.

ज्ञातीच्या अंकात गोखल्यांचे चरित्र छापताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. अस्पृश्यतेचा कलंक पुसावा म्हणून १९०३ सालीच धारवाड येथे कळकळीने बोललेला हा पुरुष कोणा एका ज्ञातीचा नव्हता. त्यांच्या नावाचा केवळ अभिमान बाळगून त्यांचा वारसा आपणांस मिळत नाही. तो त्यांच्यासारखे वागूनच मिळवावा लागतो.

आज सचोटीने वागणारा नोकरीत मागे पडतो, अशी तक्रार आमच्या कानी वारंवार येते. ती सर्वस्वी खोटी नाही. गोखल्यांसही सचोटीबद्दल निंदा सोसावी लागली आणि पाऊणशे रुपयांवर संसार करावा लागला. परंतु अहवाल पुरता वाचल्याशिवाय बोलावयाचे नाही, पडेल ते काम टाळावयाचे नाही, दुसऱ्याचे श्रेय घ्यावयाचे नाही व आपला दोष दुसऱ्यावर ढकलावयाचा नाही, या चार सवयींनीच कोतळूकच्या या मुलास देशाच्या सर्वोच्च सभागृहात नेले. त्यांची बुद्धी सर्वांस लाभेल असे नाही. या चार सवयी मात्र गुहागरच्या प्रत्येक मुलास, मनात आणल्यास, लाभण्यासारख्या आहेत.