फादर स्टीफन्स आणि शब्दांचें गोत्र

महाडच्या बाजारपेठेंत पाव विकत घेतांना आणि लगेच शेजारच्या दुकानांत पाव किलो साखर मागतांना आपण एकच शब्द दोनदां उच्चारतों, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः हे दोन शब्द भिन्न घराण्यांतील आहेत. खावयाचा पाव पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्याकडे आला; त्याचें मूळ लॅटिन ‘पानिस’ हें होय. चौथ्या हिश्शाचा पाव मात्र संस्कृत ‘पाद’ शब्दापासून झालेला, म्हणजे घरचाच आहे. पोलादपूर सोडल्यावर कशेडीचा घाट ओलांडून जो रस्ता दक्षिणेस जातो, त्यानें गोव्यास पोंचतां येतें. त्या गोव्यांत सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं एका इंग्रज धर्मगुरूंनीं शब्दांच्या व भाषांच्या नात्याचा विचार केला. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. वडील लंडनमधील व्यापारी होते. कॅथलिक पंथाच्या लोकांस त्या वेळीं इंग्लंडांत राहणें कठीण झालें होतें. थॉमस रोमला गेले व १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघालेलें त्यांचें गलबत आक्टोबरांत गोव्यास लागलें. या प्रवासाचें वर्णन त्यांनीं वडिलांस लिहून पाठविलें. तें पुढें इंग्लंडांत छापलें गेलें. पुढील चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः साष्टी प्रांतांत काढलीं. मायदेश त्यांस पुन्हां दिसला नाहीं.

१५८३ चें वर्ष साष्टींत फार वाईट गेलें. देवळें पाडल्यामुळें संतप्त झालेल्या कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं जुलै महिन्यांत येशूसंघाचे पांच जण ठार केले. मृत बांधवांचे देह परत मिळविण्याचें दुःखद काम स्टीफन्स यांजकडे आलें. त्याच वर्षीं आक्टोबरांत आपला भाऊ रिचर्ड यास त्यांनीं पत्र लिहिलें, आणि त्यांत ही हकीकत सांगून झाल्यावर येथील भाषांविषयींहि लिहिलें. या भाषांची वाक्यरचना ग्रीक व लॅटिन यांच्या वळणाची आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. त्याच सुमारास फिलिप्पो सासेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी गोव्याकडे होता. त्यानेंहि संस्कृत सप्त, अष्ट, नव आणि इटालियन सेत्ते, ओत्तो, नोवे यांचें साम्य टिपून ठेविलें.

आमच्या मतें स्टीफन्स यांची दृष्टि अधिक खोल होती, कारण शब्दाचा चेहरा फसवा असतो. इंग्रजी शिकूं लागलेला विद्यार्थी ‘बॅड नेम’ व ‘बदनाम’ हे शब्द शेजारीं ठेवून हरखून जातो. त्याचा निम्मा आनंद रास्त आहे. ‘नेम’, लॅटिन ‘नोमेन’, फारसी ‘नाम’ व संस्कृत ‘नामन्’ हीं एकाच कुळांतील भावंडें होत. इंग्रजी ‘बॅड’ व फारसी ‘बद’ यांचें मात्र कांहींएक नातें नाहीं. रूप व अर्थ दोन्ही जुळले, तरी तो केवळ योगायोग. युरोपांतहि असेंच आहे. जर्मन ‘हाबेन’ व लॅटिन ‘हाबेरे’ यांचा अर्थ एक, रूपहि जवळजवळ एक. तथापि मूळ एक नाहीं. लॅटिनांतील आरंभींच्या क ऐवजीं जर्मन व इंग्रजींत ह येतो, जसें ‘केन्तुम्’ व ‘हंड्रेड’. म्हणून हाबेनचा खरा भाऊ लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणें, हा होय. याच न्यायानें प चा फ होतो : पितृ, पातेर, फादर. तेव्हां आमचे विद्यार्थी ज्या फूटपट्टीनें रेघा मारतात, तींतील ‘फूट’ हा पाव किलोंतील पावाचा दूरचा भाऊ ठरतो, आणि बेकरींतील पाव परका! हे नियम रास्क व ग्रिम या पंडितांनीं एकोणिसाव्या शतकांत मांडले. स्टीफन्स यांस ते ठाऊक असणें शक्यच नव्हतें.

शब्द निवडण्याचा खरा पेंच त्यांस पुढें पडला. लॅटिन ‘देउस’ व आपला ‘देव’ हे सख्खे आहेत. त्याच अर्थाचा ग्रीक ‘थेओस’ दिसावयास जवळचा, पण वेगळ्या मुळाचा. परंतु मूळ एक असलें म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनांत अर्थहि तोच उमटेल, असें नाहीं. जपानांत फ्रान्सिस झेवियर यांनीं परमेश्वरासाठीं आधीं तेथील एक शब्द घेतला. तो बुद्धाचें नांव आहे असें कळल्यावर त्यांनीं तो टाकून ‘देउस’ हाच ठेविला. स्टीफन्स यांनीं मात्र धाडस केलें. आपल्या मराठी ‘क्रिस्तपुराणां’त त्यांनीं ‘देव’ हा शब्द घेतला आणि स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणावयासहि ते कचरले नाहींत. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. आपल्या तालुक्यांतील शिवथरघळींत ज्या ओवीछंदांत दासबोध लिहिला गेला अशी परंपरा सांगते, तोच हा छंद. आणि क्रिस्तपुराण त्याच्याहि आधींचें.

१६१६ मध्यें तें पुराण साष्टींत राचोल येथें छापून निघालें, परंतु रोमन लिपींत. मराठी अक्षरांचे ठसे करूं द्यावेत म्हणून स्टीफन्स यांनीं १६०८ मध्यें वरिष्ठांस लिहिलें होतें. ते त्यांच्या हयातींत झाले नाहींत. १६१९ मध्यें गोव्यांतच त्यांचा अंत झाला. त्यांनीं रचलेलें कोंकणीचें व्याकरण १६४० मध्यें छापलें गेलें. पुराण देवनागरींत छापून पुण्यास प्रसिद्ध झालें तें १९५६ मध्यें, म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनीं.