चिजा गोळा करणारा वकील

बडोद्यात सूरसागर तळ्यासमोर म्युझिक कॉलेजची जुनी इमारत आहे. तिथे शिकणाऱ्या कुठल्याही मुलाची वही उघडून बघा. सा, रे, ग, म अशी साधी अक्षरं, काहींच्या खाली आडवी रेघ, काहींच्या डोक्यावर टिंब, खाली तालाच्या मात्रा. ही लिहिण्याची पद्धत आता इतकी सवयीची झालीय की ती कुणी तरी एका माणसाने बसवली असेल असं मनातही येत नाही. तो माणूस म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. गाण्याच्या परीक्षा दिलेल्यांना 'दहा थाट' या प्रश्नाच्या उत्तरापुरते ते आठवतात, बाकीच्यांना तेवढेही नाहीत.

मला ते आवडतात ते वेगळ्या कारणासाठी. पंडित, शास्त्रकार वगैरे सगळं ते होतेच, पण त्याआधी ते गाण्याचे फॅन होते. आपल्यातले काही जण असतात ना, कुठल्या तरी गल्लीतल्या पोरांनी घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं, कुठल्याही कंपनीने न काढलेलं गाणं त्यांना सापडतं आणि ते संपायच्या आत पाच जणांना लिंक गेलेली असते. भातखंड्यांचं वेड याच जातीचं होतं. फक्त त्यांच्या काळात लिंक नव्हती. आगगाडी होती, वही होती आणि समोर बसलेला, सहजासहजी तोंड न उघडणारा गवई होता.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा. घर गवयांचं नव्हे. मुलगा हुशार, शिकून मोठा व्हावा अशी अपेक्षा असणारं ते मध्यमवर्गीय घर होतं. शाळा-कॉलेज करता करता विष्णुने बासरी आणि सतार हातात घेतली. सतार ते वल्लभदास दामुलजी यांच्याकडे शिकले. १८८५ मध्ये बी. ए., १८८७ मध्ये एलएल. बी. काही काळ कराचीत वकिली केली, मग मुंबईला परतले. सगळं कसं रीतसर चाललं होतं.

पण १८८४ मध्येच ते गायन उत्तेजक मंडळीत जायला लागले होते. ही मुंबईतल्या पारशी मंडळींनी १८७० मध्ये काढलेली संगीताची संस्था. तिथे नामवंत गवयांना बोलावून त्यांचं गाणं ऐकलं जाई, शिकवलंही जाई. तिथे हा तरुण वकील रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदं शिकला, अली हुसेन खाँसाहेबांकडून ख्याल शिकला. एकेका बैठकीत कान तयार होत गेला आणि हाव वाढत गेली. आणखी ऐकायचं, आणखी मिळवायचं.

आता 'मिळवणं' म्हणजे काय होतं ते समजून घ्यायला हवं. त्या काळी चीज, म्हणजे आपण जिला बंदिश म्हणतो ती, कागदावर नसे. ती खाँसाहेबांच्या गळ्यात असे. तिथून ती मुलाकडे, पुतण्याकडे, फार तर वर्षानुवर्षं सेवा केलेल्या शागिर्दाकडे जाई. दुर्मिळ राग आणि त्यातल्या चिजा म्हणजे घराण्याची पुंजीच. आपण पटकन म्हणतो की उस्ताद विद्या लपवायचे. पण जरा त्यांच्या बाजूने विचार करा. रॉयल्टी नाही, कॉपीराइट नाही, पेन्शन नाही. संस्थानिकाची मर्जी फिरली की नोकरी गेली. दुसऱ्या कुणाला येत नाही अशी एक चीज आपल्याला येते, एवढंच ज्याच्याकडे तारण आहे, तो माणूस ती वाटत कशी सुटेल?

क्वायरमध्ये वाढलेल्या मुलांना हे थोडं विचित्र वाटतं. आमच्याकडे गाण्यांचं पुस्तक बाकावरच ठेवलेलं असतं, कुणीही उघडावं आणि गावं. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या शाळांतून तर लहान मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. जे कधी ऐकलेलं नाही तेही कागदावरून गाता येतं, हे आम्ही गृहीतच धरलेलं असतं. हिंदुस्थानी संगीतात मात्र सामान्य माणसाला ही सोय जवळजवळ नव्हती. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची लिपी वापरून मुलांना शिकवलं, ते म्हणूनच एवढं मोठं पाऊल होतं. पण तशी उदाहरणं थोडी.

१९०० मध्ये भातखंड्यांची पत्नी गेली. १९०३ मध्ये मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. वकिली हळूहळू मागे पडली आणि जे उरलं ते सगळं गाण्याला दिलं. दुःखातून माणूस काय उभं करतो यावर मोठी वाक्यं लिहायचा मोह होतो, पण मी ती लिहीत नाही. पुढे त्यांनी काय केलं तेवढंच बघूया.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा करत एट्टयपुरमला पोचले आणि सुब्बराम दीक्षितरांना भेटले. त्याच वर्षी दीक्षितरांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ स्वरलिपीसह छापून झाला होता. एका परंपरेची शेकडो गाणी पुस्तकात, कुणालाही विकत घेता येतील अशी! दक्षिणेतली ७२ मेलांची पद्धतही त्यांनी नीट समजून घेतली. उत्तरेकडच्या रागांसाठी त्यांनी पुढे जे दहा थाट मांडले, त्यामागे हा अभ्यास होता. १९०७ मध्ये ते पूर्वेकडे निघाले आणि कलकत्त्याला राजा शौरींद्रमोहन टागोरांना भेटले. त्यानंतर उत्तर हिंदुस्थान झाला. अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर. जिथे जुनं गाणं शिल्लक आहे असं कळे, तिथे हा माणूस प्रश्नांची यादी घेऊन हजर. रोज काय ऐकलं, कोण काय बोललं हे ते डायरीत उतरवून ठेवत.

कुणी प्रेमाने गाऊन दाखवलं, कुणी टाळलं. काही ठिकाणी गंडा बांधून रीतसर शागिर्द व्हावं लागलं. रामपूरच्या दरबारातलं गाणं तानसेनाच्या परंपरेशी नातं सांगणारं. तिथल्या वझीर खाँसाहेबांचं शिष्यत्व पत्करताना भातखंडे साठीच्या जवळ आले होते आणि त्यांच्या नावावर ग्रंथ होते. एवढा मोठा झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी म्हणून खाली बसतो, याचं मला फार कौतुक वाटतं. जयपूरच्या महंमद अली खाँसाहेबांच्या घराण्यातूनही त्यांना चिजांचा मोठा साठा मिळाला.

चीज मिळाली की ती लिहायची. त्यासाठी त्यांनी लिपी अगदी सोपी ठेवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्या सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. झालं. ज्याला देवनागरी वाचता येते त्याला अर्ध्या तासात ही लिपी कळते. सगळं गाणं कागदावर येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. मींड, आवाजाचा लगाव, ठहराव हे गुरूसमोर बसूनच घ्यावं लागतं. पण गाण्याचा सांगाडा तरी हाती येतो, आणि तो हरवत नाही.

याच उद्योगात बडोदं येतं. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. तिच्यामागचे मुख्य हात भातखंड्यांचे. एकाच मांडवाखाली उदयपूरचे झाकिरुद्दीन खाँ आणि अलवरचे अल्लाबंदे खाँ यांच्यासारखे ध्रुपदिये, पुस्तकी पंडित, संस्थानी अधिकारी आणि आपल्यासारखे नुसते शौकीन. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींची खास पेटी बनवून घेतली होती. ती गवयांच्या गळ्याशी जुळते का, यावर चांगलाच वाद रंगला. भातखंड्यांनी स्वतः उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर इंग्रजीत निबंध वाचला. एरवी एकमेकांच्या शहरात पाऊल न टाकणारी माणसं समोरासमोर बसून रागाच्या रूपावर भांडत होती, हीच तेव्हा केवढी नवलाई! पुढे दिल्ली, बनारस आणि दोनदा लखनौ, अशा आणखी चार परिषदा झाल्या.

महाराजांनी बडोद्याच्या गायनशाळेची घडी नव्याने बसवण्याचं कामही त्यांच्याकडे सोपवलं. आणि आणखी एक गोष्ट इथेच घडली. भातखंड्यांचा लाडका शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पोरसवदा वयात बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन इथे आला आणि दरबारगायक उस्ताद फैयाज खाँसाहेबांचा गंडाबंध शागिर्द झाला. म्हणजे बघा, स्वरलिपी बनवणाऱ्या माणसाने स्वतःच्या सर्वांत गुणी शिष्याला नुसत्या वहीवर सोडलं नाही. त्याला खाँसाहेबांच्या पायाशी पाठवलं.

१९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघालं, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. दोन्हींच्या उभारणीत भातखंडे होते. मॅरिस कॉलेज पुढे रातंजनकरांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि आज तिथल्या विद्यापीठाला भातखंड्यांचंच नाव आहे.

आणि पुस्तकं! 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हे चार भाग त्यांनी मराठीत, गुरुशिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिले. 'क्रमिक पुस्तक मालिका' हे सहा भाग म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या भटकंतीची शिदोरी. दीड हजारांहून जास्त चिजा, स्वरतालासह. यातल्या कित्येक चिजा त्याआधी एखाद्या कुटुंबाबाहेर कुणी ऐकल्याही नसतील. आता त्या पुस्तकाच्या दुकानात मिळायला लागल्या. ज्या मुलीच्या घरात गाण्याची परंपरा नाही, जिला कुठला खाँसाहेब दारात उभं करणार नाही, तिलाही यमनची चीज मिळाली. स्वतःच्या नावाचाही त्यांना फार सोस नव्हता. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या टोपणनावाने काढला, तर इतर काही लेखन विष्णुशर्मा या नावाने.

इथेच मला थोडं अडतं. स्वतःचं नाव मागे ठेवणाऱ्या भातखंड्यांनी दुसऱ्यांची नावंही मागे ठेवली. क्रमिक पुस्तकांत बहुतेक चिजांखाली ती कोणाकडून मिळाली हे छापलेलं नाही. राग आहे, ताल आहे, स्वर आहेत, पण देणारा नाही. शिवाय उस्तादांबद्दलची त्यांची मतं कधी कधी फार कडवट होती. यांना गाता येतं पण शास्त्र कळत नाही, असा त्यांचा सूर असे. अलीकडच्या अभ्यासकांनी यावर बोट ठेवलंय आणि ते मला पटतं. ज्यांच्या गळ्यातून दीड हजार चिजा आल्या, ते अडाणी कसे? त्यांचं शास्त्र पुस्तकात नव्हतं, आठवणीत होतं एवढंच.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या काळी कित्येक दरबारांची रया जात होती. एखादे खाँसाहेब नि:संतान गेले की त्यांच्याबरोबर शेकडो चिजा जात. भातखंडे वाट बघत बसले असते तर आज त्यांतल्या कितीतरी चिजांचं नावही उरलं नसतं. म्हणून मी त्यांच्याकडून दोन गोष्टी घेते. एक त्यांनी केली म्हणून आणि एक त्यांच्याकडून राहिली म्हणून. आवडलेलं गाणं स्वतःजवळ ठेवायचं नाही, समोरच्याला गाता येईल इतकं नीट करून द्यायचं, ही पहिली. देताना ज्याचं आहे त्याचं नाव बरोबर द्यायचं, ही दुसरी. आज घरात गाणं बनवून स्वतःच अपलोड करणाऱ्या पोरांकडेही नावापलीकडे दुसरी पुंजी नसते. आपण त्यांची क्लिप उचलून स्टेटसला लावतो आणि नाव टाकायला विसरतो. आपल्याला दोन सेकंद लागले असते. त्यांना त्यातून कदाचित एखादा कार्यक्रम मिळाला असता.

१९३३ मध्ये भातखंड्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढची तीन वर्षं अंथरुणातच गेली. १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते मुंबईत वारले. क्रमिक पुस्तकांचे शेवटचे भाग तेव्हा छापून यायचे होते. ते त्यांच्या माघारी आले आणि त्यातल्या चिजा आजही शिकवल्या जातात. सूरसागरकडे कधी गेलात तर म्युझिक कॉलेजच्या बाहेर मिनिटभर थांबा. आतून जी चीज ऐकू येईल ती कुणाची, कुठून आली, हे एखाद्या विद्यार्थ्याला विचारा. उत्तर कदाचित पुस्तकात नसेल, पण त्याच्या गुरूंना ठाऊक असेल. कळलं की आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत नावासकट सांगा.