जॉलाईन, हनुवटी सर्जरीचा विचार करताय? आधी पुण्याच्या कावसजीची गोष्ट वाचा

रील स्क्रोल करताना दर चौथ्या व्हिडिओत धारदार जॉलाईन आणि टोकदार हनुवटी दिसतेच. पूर्वी असल्या ट्रीटमेंटसाठी मुंबई-पुणे गाठावं लागायचं, आता नांदेड आणि लातूरमध्येही चौकशी करणारे वाढलेत.

पण चेहरा दुरुस्त करण्याची ही विद्या आधुनिक जगात पसरली ती एका मराठी बैलवाल्यामुळे. त्याचं नाव कावसजी.

1790 ते 1792 या काळात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र लढत होते. आजचं नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्या काळी बैलांशिवाय ना तोफा हलायच्या, ना धान्य. कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. शेतकरी मराठा अशी त्याची नोंद इंग्रजांनी केली आहे.

या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला.

हात गेला म्हणजे रोजीरोटी गेली. आणि नाक गेलं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अब्रू गेली की आपण आजही नाक कापलं असंच म्हणतो. सुटका झाल्यावर कंपनीने त्याला पेन्शन दिली, पण सुमारे वर्षभर तो नाकाशिवायच वावरला.

मग पुण्याजवळ त्याला एक माणूस भेटला. इंग्रजी नोंदीत तो विटा पाडणाऱ्या जातीतला म्हणून येतो, आपल्याकडे त्याला कुंभार म्हणून ओळखतात. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पिढीजात कसब होतं.

त्याने मेणाचा पातळ तुकडा घेऊन नाकाचा आकार बनवला. तो सपाट करून कावसजीच्या कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. पण दोन भुवयांच्या मध्ये एक छोटी पट्टी जोडलेलीच ठेवली. ती कातडी पिळून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. टाके घातले नाहीत. काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती धरून ठेवली, पुढे तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवशी मऊ कापडाचे बोळे घातले. काही आठवड्यांनी ती जोडपट्टी कापली.

भुलीचं औषध यायला अजून पन्नास वर्षं होती. म्हणजे कावसजीने हे सगळं जागेपणी सोसलं.

सगळी किमया त्या जोडपट्टीत होती. तिच्यातून रक्त येत राहिलं म्हणून कातडी जगली. कॅन्सरमुळे जबडा काढावा लागला की सर्जन पायाचं हाड रक्तवाहिनीसकट आणून बसवतात, तेही याच तत्त्वावर. गुटखा आणि तंबाखूने पोखरलेल्या आपल्या भागात या सर्जरीचं मोल वेगळं सांगायला नको.

मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन पाहिलं. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट माहिती छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि 1814 मध्ये लंडनमध्ये तसंच नाक बनवून दाखवलं. 1816 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि युरोपभर ही पद्धत पसरली.

कार्प्यूचं नाव झालं, कावसजीचा चेहरा पुस्तकांत गेला. त्या कुंभाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आता आजच्या पर्यायांकडे येऊ. फिलरचं इंजेक्शन देऊन हनुवटी, जबड्याला उठाव देता येतो, पण तो काही महिन्यांनी ओसरतो. जबड्याचा स्नायू जाड असेल तर बोटॉक्सने तो बारीक दिसतो. हनुवटीखालची चरबी लायपोसक्शनने काढतात. कायमचा बदल हवा असेल तर इम्प्लांट बसवतात किंवा हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवतात आणि प्लेट-स्क्रूने पक्कं करतात.

यातलं काहीच पार्लरमध्ये करायचं काम नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं आणि रक्त अडलं, तर वरची कातडी मरू शकते. कातडी रक्तावर जगते, हे त्या कुंभाराला सव्वादोनशे वर्षांपूर्वी पक्कं माहीत होतं. म्हणून डिस्काउंट विचारण्याआधी सुई धरणाऱ्याचं शिक्षण विचारा, आणि काही बिघडलं तर तो काय करणार तेही विचारा.

कावसजीला देखणं दिसायचं नव्हतं. त्याला चार माणसांत मान वर करून बसायचं होतं. जॉलाईनचा निर्णय घेताना आपल्याला नेमकं काय हवंय, हे एकदा स्वतःलाही विचारून बघा.