बहिर्जी नाईक

शिवछत्रपतींच्या सरदारांची नावे महाराष्ट्रात लहान मुलांनाही पाठ असतात. तानाजी, बाजीप्रभू, प्रतापराव यांचे पराक्रम पोवाड्यांतून गावोगाव पोचले. परंतु ज्याने आणलेल्या बातमीवर भरवसा ठेवून खुद्द महाराज घोड्यावर चढत, त्या माणसाचे नाव त्या काळच्या लेखनात क्वचितच आढळते. तो माणूस म्हणजे महाराजांचा जासूद बहिर्जी जाधव नाईक. त्याचा जन्म कोणत्या साली झाला, त्याचे बालपण कोठे गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ज्याचे सारे काम अंधारात चालावयाचे, त्याचे चरित्र उजेडात कसे राहावे?

जासूद म्हणजे बातमी आणणारा व पोचविणारा सेवक. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. शत्रूच्या छावणीत माणसे किती, घोडी किती, तोफा किती, हे तर पाहावयाचेच. पण दाणावैरण किती दिवस पुरेल, कोणत्या सरदाराचे कोणाशी बिनसले आहे, वाटेतील कोणत्या घाटात पाणी आहे, हेही ध्यानात ठेवावयाचे. लिहून घेण्याची सोय नसे, कारण अंगावर सापडलेला कागद म्हणजे मृत्यूच. लोककथांतील बहिर्जी कधी फकीर होतो, कधी वासुदेव, तर कधी कोल्हाटी. या कथांना कागदाचा आधार नाही. तथापि त्या अगदी पोकळ आहेत असेही म्हणवत नाही. गावोगाव भटकणाऱ्या फकिराला आणि वासुदेवाला वेशीवर अडवितो कोण?

हेरांची ही विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात तपस्वी, व्यापारी, गृहस्थ अशा नाना वेषांतील हेर सांगितले आहेत, आणि एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघा हेरांची वार्ता जुळली तरच राजाने ती खरी मानावी, असा नियमही घालून दिला आहे. तिकडे रोमच्या साम्राज्यात सैन्याला धान्य पुरविण्यासाठी प्रांतोप्रांती हिंडणाऱ्या शिपायांकडेच पुढे हेरगिरीचे काम आले. ते शत्रूपेक्षा स्वकीयांवरच अधिक पाळत ठेवू लागले. लोक त्यांना इतके कंटाळले की, शेवटी सम्राट डायोक्लेशनला ते पथक मोडून टाकावे लागले.

महाराजांना चांगल्या बातमीचे मोल किती होते, ते अफजलखानाच्या स्वारीवरून कळते. इ. स. १६५९ मध्ये विजापूरचा हा बलाढ्य सरदार तुळजापूरकडून पंढरपुरास आला आणि आजच्या सोलापूर जिल्ह्याचा सपाट मुलूख तुडवीत वाईकडे वळला. या खानाने पूर्वी शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाला भेटीस बोलावून दगा केला होता. तो इतिहास महाराजांना ठाऊक होता. म्हणून १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीस जाताना त्यांनी अंगरख्याखाली चिलखत घातले, मंदिलाखाली लोखंडी टोप घातला आणि जिवा महालासारखे निवडक रक्षक सोबत घेतले. चिलखत घडविले लोहाराने; ते त्या दिवशी घालावे, ही बुद्धी मात्र बातमीने दिली.

पुढे शायिस्तेखानाने पुण्यात तीन वर्षे तळ ठोकला. त्याच्या फौजेने मुलूख उजाड केला आणि स्वराज्याचा खजिना रिता झाला. इ. स. १६६३ च्या एप्रिलमध्ये महाराजांनी लाल महालात शिरून खानाला पळवून लावले खरे, पण रिता खजिना भरावा कसा? अशा वेळी बहिर्जी सुरतेहून परत आला. सुरत लुटली तर अगणित द्रव्य हाती येईल, असे त्याने महाराजांना सांगितले. ही हकीकत सभासदाच्या बखरीत आहे. ती बखर महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिली असल्यामुळे तिला मोठे मोल आहे.

सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. मक्केला जाणारे यात्रेकरू तेथूनच जहाजावर चढत. इंग्रज व डच यांच्या वखारी तेथे होत्या आणि बहरजी बोहऱ्यासारखे गडगंज सावकार तेथे नांदत होते. एवढ्या शहराला धड तटबंदी नव्हती. शहराचा अधिकारी इनायतखान हा पाचशे शिपायांचा पगार सरकारातून घेई, पण तितके शिपाई पदरी ठेवीत नसे. नकाशावर ही गोष्ट दिसत नाही. ती शहरात हिंडणाऱ्या माणसालाच कळते. बहिर्जीच्या शब्दावर महाराजांचा विश्वास असा की, हे काम दुसऱ्या कोणावर न सोपविता ते स्वतः निघाले. नाशिक, त्र्यंबकच्या बाजूने मजल दरमजल करीत ते ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेच्या वेशीवर उभे राहिले. इनायतखान किल्ल्यात दडून बसला. चार दिवस शहर लुटले गेले आणि शहराचा मोठा भाग जळाला. त्यात निरपराध माणसांचेही हाल झाले, हे नाकारून चालणार नाही.

याच सुरतेत महाराजांच्या जिवावरचा एक प्रसंग ओढवला. दुसऱ्या दिवशी इनायतखानाने तहाचे बोलणे करण्यासाठी एक तरुण वकील पाठविला. बोलता बोलता त्याने लपविलेला खंजीर उपसला व तो महाराजांवर धावला. शेजारच्या रक्षकाने तलवारीच्या एका घावात त्याचा हात तोडला. पण तो इतक्या वेगाने आला होता की महाराजांना घेऊनच जमिनीवर कोसळला. महाराजांची वस्त्रे रक्ताने भिजलेली पाहून, महाराज गेले, अशी एकच ओरड उठली आणि संतापलेले सैनिक कैद्यांची कत्तल करावयास धावले. तेवढ्यात महाराज उठून उभे राहिले आणि त्यांनी ती कत्तल थांबविली. तथापि काही कैद्यांना त्या दिवशी कठोर शिक्षा भोगाव्या लागल्या.

येथे रोमच्या जूलियस सीझरची आठवण होते. त्याने आपले अंगरक्षक काढून टाकले होते. इ. स. पूर्व ४४ च्या १५ मार्च रोजी तो सभेस जात असता कटाची बातमी लिहिलेला कागद कोणीतरी त्याच्या हाती दिला, पण तो वाचावयास त्याला सवड झाली नाही. कागद हातात तसाच राहिला आणि सीझर मारला गेला. बातमी आणणाऱ्याने आपले काम चोख केले होते, ऐकणाराच चुकला.

महाराज ऐकणारे होते. मोगलांची कुमक येत आहे हे कळताच १० जानेवारीस त्यांनी सुरत सोडली आणि ती फौज पोचेपर्यंत ते दूर निघून गेले होते.

बहिर्जीच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी मात्र पुढे पंधरा वर्षांनी आली. इ. स. १६७९ मध्ये दिलेरखान विजापूरवर चालून गेला होता. त्याला मागे खेचण्यासाठी महाराजांनी मोगलांच्या मुलखात मुसंडी मारली आणि नोव्हेंबर महिन्यात जालना ही श्रीमंत पेठ लुटली. परतताना उंट, घोडी लुटीने लादलेली होती आणि सैन्याची चाल मंदावली होती. तोच रणमस्तखान मोगली फौज घेऊन पाठीवर आला. निकराची लढाई झाली. सिधोजी निंबाळकर हा शूर सरदार धारातीर्थी पडला. आणखी मोगली फौज जवळ येत होती आणि वेढा पूर्ण होण्यास फार अवकाश नव्हता. राज्याभिषेकाला पुरती सहा वर्षेही झाली नव्हती, आणि छत्रपती उघड्या माळावर शत्रूच्या हाती सापडण्याची वेळ आली होती.

त्या वेळी बहिर्जी पुढे झाला. शत्रूची गाठ पडू न देता महाराजांना सुखरूप नेण्याचे त्याने पत्करले. लष्कराच्या वाटा मोगलांनाही ठाऊक होत्या. बहिर्जीने धरल्या त्या गुराखी आणि वाटसरू यांच्या वाटा. आयुष्यभर पायी तुडविलेला मुलूख त्या तीन दिवसांत त्याच्या कामी आला. बरीचशी लूट मागे टाकावी लागली. तीन दिवस आणि तीन रात्री महाराज व त्यांचे सैनिक चालत होते. पुढे कोणते खोरे लागेल, पाणी कोठे मिळेल, हे ठाऊक असलेला तोच एक माणूस होता. त्याचे एक पाऊल चुकले असते, तर तीन एप्रिल १६८० रोजी रायगडावर ज्यांनी देह ठेवला, ते त्यापूर्वीच मोगलांचे कैदी झाले असते. चौथ्या दिवशी सारे सह्याद्रीतील पट्टा किल्ल्यावर पोचले. महाराजांनी तेथे विसावा घेतला, म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव पडले. किल्ल्याला नाव मिळाले ते विश्रांतीचे. वाट दाखविणाऱ्याचे नाव बखरीतील एका लहानशा मजकुरात राहिले.

बहिर्जीचा अंत कसा झाला, याविषयी निरनिराळ्या कथा सांगतात. सोलापूर आणि सांगली या जिल्ह्यांच्या सीमेजवळ, खानापूर तालुक्यात भूपाळगड नावाचा किल्ला आहे. त्यालाच बाणूरगड म्हणतात. विजापूरकडून सांगोल्याच्या माळावरून येणाऱ्या फौजांवर नजर ठेवावयास ही जागा सोयीची होती. इ. स. १६७९ च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने तो किल्ला घेतला. त्या गडावर एक साधी समाधी आहे. ती बहिर्जी नाईकाची, असे त्या भागातील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.